आवक आहे, जावक नाही

प्रति,
परम आदरणीय रचनाकार साहेब,
बांधकाम व्यवस्थापनाच्या सॉफ्टवेअरमधील ‘कॉम्प्लायन्स डॉक्युमेंट्स’ या पानाचे जनक,
मुक्काम अज्ञात.



आपलं नाव-गाव ठाऊक नसल्यामुळे हे पत्र उघड्यावरच लिहिते आहे. मी तिवस्यात एका पेटी ठेकेदाराच्या ऑफिसात कागदपत्रं सांभाळते. रस्त्याचं मोठं काम मोठी कंपनी घेते आणि तिच्या हाताखाली आम्ही नाल्या, मोऱ्या, कडेची काँक्रीटची कामं करतो. कंपनीनं आपलं सॉफ्टवेअर घेतलं तेव्हापासून माझी सकाळ आपल्याच दर्शनानं सुरू होते.

सर्वप्रथम आभार. आपण कागद मागता, याबद्दल आभार, आणि हे मी अगदी मनापासून लिहिते. मजुराच्या पगारातून भविष्य निर्वाह निधीचे १२ टक्के कापून घ्यायचे आणि भरायचे मात्र नाहीत, असले प्रकार या धंद्यात कमी झालेले नाहीत. ठेकेदाराच्या माणसांचा निधी भरला जातो की नाही, याची जबाबदारी १९५२च्या कायद्यानं मुख्य मालकावरही टाकली. ठेकेदारानं मजुरी बुडवली तर ती मुख्य मालकानं द्यायची आणि मग ठेकेदाराकडून वसूल करायची, हे १९७०च्या कंत्राटी कामगार कायद्यानं ठरवलं. तेव्हा बिल सोडण्याआधी कंपनीनं पीएफचं चलान, हजेरी, पगारपत्रक, विम्याची पॉलिसी मागितली तर ते रास्तच आहे. त्या कागदांसाठी आपण हक्काची जागा केलीत. मजुराचं भलं चिंतणाऱ्याला हे आवडणारच.

आणि कागद घेताना आपली तत्परता तर काय वर्णावी! पडद्याच्या मधोमध मोठं निळं बटण. फाइल नुसती ओढून आणून सोडली तरी आपण ती झेलता. दोन एमबीच्या वर गेली तर लगेच लाल अक्षरांत बजावता. एखादं चलान राहिलं की आमच्या बिलासमोर ‘होल्ड’ असा शिक्का उमटतो, तो रात्री बारा वाजताही उमटतो. घेण्याच्या बाबतीत इतकं जागरूक कार्यालय मी अजून पाहिलं नाही.

तोच कागद परत बघायचा म्हटलं, की ते निळं बटण कुठेच नसतं.

मग डावीकडच्या मेनूत ‘रिपोर्ट्स’, त्याच्या पोटात ‘व्हेंडर’, त्याच्या पोटात ‘आर्काइव्ह’, आणि तिथे कोपऱ्यात एक बारीक भिंग. भिंगावर टिचकी मारली की आपण अत्यंत सौजन्यानं सांगता, ‘नो रेकॉर्ड्स फाउंड’. पहिल्यांदा ते वाचलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. दोन वर्षांचे कागद गेले कुठे? गेले नव्हते. तारखेचा फिल्टर आपण आधीच लावून ठेवला होता, शेवटच्या तीस दिवसांचा. तो हटवायची खूण इतकी फिकट करड्या रंगाची, की पांढऱ्यावर ती दिसावी अशी आपलीच इच्छा नसावी. ऑडिटला मागच्या वर्षाचे कागद लागतात, पीएफच्या चौकशीला त्याच्याही मागचे. शेवटच्या तीस दिवसांचे तर माझ्या टेबलावरच पडलेले असतात, साहेब.

वर्क ऑर्डर क्रमांकाबद्दलही कृतज्ञता. तो टाकल्याशिवाय आपण शोधू देत नाही. आमच्या क्रमांकात तिरक्या रेघा आहेत आणि त्या आपल्याच प्रणालीनं घातलेल्या आहेत. रेघांसकट क्रमांक लिहिला तर आपण म्हणता ‘इनव्हॅलिड कॅरेक्टर’. रेघा गाळल्या तर असा क्रमांकच नाही म्हणता. शेवटी साइटवरच्या एका पोरानं तोडगा काढला: रेघेच्या जागी टक्क्याची खूण टाकायची. कागद धडाधड बाहेर आले. आपल्या मदत-पानावर याचा उल्लेख नाही. आमच्याकडे ते तोंडोतोंडी चालतं, नव्या माणसाला पहिल्या दिवशी संडास कुठे ते सांगतात आणि मग हे सांगतात.

पासवर्ड बदलायचा झाला तर ओटीपी जातो तो काम सुरू झालं तेव्हाच्या साइट इंजिनिअरच्या मोबाइलवर. ते केव्हाच दुसऱ्या राज्यात, दुसऱ्या कंपनीत गेले. नंबर बदलून द्या म्हणून अर्ज केला, तर त्याची खात्री करायला ओटीपी त्याच नंबरवर. ते इंजिनिअर भले माणूस आहेत, अजूनही फोन उचलतात आणि सहा आकडे वाचून दाखवतात. आमच्या सगळ्या कागदपत्रांची सुरक्षितता आज त्या एका गृहस्थाच्या सज्जनपणावर उभी आहे. आपल्यापैकी कुणाला ते भेटले तर त्यांना नमस्कार सांगा.

इतकं करून प्रत हाती आलीच, तर तिच्यावर तिरप्या अक्षरांत छापलेलं असतं, ‘फॉर इंटर्नल यूज ओन्ली’. कागद आमचा, पैसे आमच्या खात्यातून गेलेले, स्कॅन मी केलेला. आपल्याकडे एक रात्र राहून आला आणि तो आपला अंतर्गत कागद झाला! ही प्रत बँकेत दाखवावी तर मॅनेजर तो शिक्का वाचतात आणि मूळ प्रत आणा म्हणतात. तुलना करायची नाही, पण ईपीएफओच्या संकेतस्थळावर चलानाचा टीआरआरएन क्रमांक टाकला तर लॉगिन न करताही त्याची स्थिती दिसते. सरकारी पोर्टलला नावं ठेवण्यात आपल्या सगळ्यांची हयात गेली, पण तिथे निदान भरलेल्या पैशाची खूण भरणाऱ्याला सापडते.

माझा खरा राग मात्र फिल्टरवर नाही, रेघांवरही नाही. असल्या गोष्टींची सवय होते. ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले ती गोष्ट वेगळी आहे.

दिवाळीनंतर मेळघाटातून कोरकू कुटुंबं खाली कामाला उतरतात आणि होळीला घरी जातात. होळी चुकवून कुणी थांबत नाही, ठेकेदारानं दुप्पट रोज देऊ केला तरीही. असाच धारणीकडचा एक मजूर आमच्या मोऱ्यांवर होता. उन्हाळ्यात तो ऑफिसात आला. प्लास्टिकच्या पिशवीतून त्यानं आधार कार्ड, पासबुक आणि आपल्या सॉफ्टवेअरनं छापलेला गेट पास काढून टेबलावर ओळीनं मांडला. घामानं गेट पासच्या कडा मऊ पडल्या होत्या, फोटोतला चेहरा अर्धा उडाला होता. म्हणाला, “मॅडम, माह्ये नव्वद दिवस भरले न जी? तेवढा दाखला देऊन द्या.”

साहेब, आपण बहुधा दूरच्या शहरात असता, म्हणून नव्वद दिवसांचं सांगते. महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करायची तर वय १८ ते ६० हवं आणि मागच्या वर्षभरात निदान ९० दिवस बांधकामावर राबल्याचा दाखला हवा. नोंदणी दर वर्षी नवी करावी लागते. पोरांची शिष्यवृत्ती, बाळंतपणाची मदत, अपघात झाला तर घरच्यांना आधार, हे सगळं त्या नोंदणीवर. हा कुणाचा उपकारही नाही. १९९६च्या कायद्यानं बांधकामाच्या खर्चावर १ टक्का उपकर बसवला आणि त्यातूनच हा पैसा येत आला. त्यानं घमेल्यानं वाहिलेल्या काँक्रीटमधूनच तो निघालेला असतो.

तर त्याचे दिवस मोजायचे होते. पूर्वी आमच्याकडे जाड पुठ्ठ्याचं मस्टर असे. आपलं आगमन झालं आणि कंपनीनं कळवलं की यापुढे कागदी मस्टर धरलं जाणार नाही, हजेरी गेटवरच्या यंत्रात, चेहरा दाखवून. उत्तम झालं, खोटी हजेरी लागणार नाही, असं मला तेव्हा खरंच वाटलं. तो माणूस रोज सकाळी त्या यंत्रासमोर उभा राहिला. हेल्मेट काढ, उन्हाकडे पाठ कर, डोळे उघडे ठेव, हे सगळं त्यानं केलं.

मी शोधायला बसले. त्याचं आडनाव मेळघाटात गावोगाव सापडतं आणि इंग्रजीत तीन तऱ्हांनी लिहिता येतं. आधारवर एक स्पेलिंग, पासबुकात दुसरं. तिन्ही करून पाहिली. गेट पासचा क्रमांक टाकून पाहिला. टक्क्याची खूणही टाकली. तेव्हा उलगडा झाला, की आपल्याकडे ‘वर्कमेन लिस्ट’ एकच राहते. नवी चढवली की जुनी पुसून त्या जागी बसते आणि गेटची हजेरी आपण दाखवता ती फक्त चालू यादीतल्या नावांची. तो होळीला गावी गेला. एप्रिलच्या यादीत त्याचं नाव नव्हतं. म्हणून आपल्या लेखी तो त्या कामावर कधी आलाच नाही.

मोऱ्या आहेत. त्यांच्यावरून गाड्या जातात. त्या बांधणारा माणूस आपल्या नोंदीत नाही.

मी कंपनीच्या ऑफिसात फोन केला. उत्तर अदबीनं मिळालं: मागची माहिती ‘बॅकएंडला’ आहे, पण ती काढण्याचा अधिकार साइटला नाही, तिकीट टाका. तिकीट टाकलं. आपल्याकडून इंग्रजीत पोच आली, आमचा प्रश्न आपल्यासाठी महत्त्वाचा असल्याची. मग काही दिवसांनी तिकीट बंद झालं. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘रिझॉल्व्ह्ड’.

त्यानंतर आमचं काम पूर्ण झालं, तसा दाखला मिळाला, आणि त्याच आठवड्यात त्या कामाचं आमचं लॉगिन बंद! ‘युवर अ‍ॅक्सेस हॅज बीन डिसेबल्ड’. काम संपलं, आता यांना कागद कशाला, असा आपला हिशेब असावा. साहेब, ठेकेदाराला कागद लागतात ते काम संपल्यावरच. दोषदायित्वाचा कालावधी तेव्हा सुरू होतो आणि आमची रोखून ठेवलेली रक्कम तो संपेपर्यंत कंपनीकडे असते. उद्या मोरीला तडा गेला तर दोष काँक्रीटचा की वरून गेलेल्या जादा भाराच्या ट्रकांचा, हे ठरवायला पंधरा सेंटिमीटरच्या क्यूबचे ७ आणि २८ दिवसांचे चाचणी अहवाल हवेत. ते आपल्याकडे आहेत. पीएफची चौकशी लागली तर हजेरी आणि पगारपत्रक हवं. तेही आपल्याकडे. आमच्या बाजूनं बोलू शकणारा प्रत्येक कागद आपल्या ताब्यात आणि आपला ताबा कंपनीच्या हाती. देवळाच्या दानपेटीत टाकलेलं नाणं भक्ताला परत मिळत नाही, हे समजू शकते. पण आम्ही दान केलं नव्हतं.

नोंद ठेवायची म्हटली तर ती किती बारकाईनं ठेवता येते, हे याच रस्त्यानं जगाला दाखवलं आहे. तिवस्यावरून जाणारा ५३ क्रमांकाचा महामार्ग पुढे अमरावतीहून अकोल्याकडे जातो. त्या रस्त्यावर लोणी ते मूर्तिजापूर दरम्यान जून २०२२मध्ये ७५ किलोमीटर लांबीची एक मार्गिका सलग डांबरीकरण करून झाली, १०५ तास ३३ मिनिटांत. गिनीज बुकात नोंद झाली, कतारचा जुना विक्रम मोडला. मिश्रण ३६,६३४ टन, त्यात डांबर २,०७० टन. ७२० कामगार राबले. वर्षानुवर्षं त्या रस्त्याच्या खड्ड्यांतून हाडं खिळखिळी करून घेतलेल्या आम्हा वऱ्हाडी माणसांना त्या आठवड्यात मनापासून आनंद झाला होता. तास मोजले, मिनिटं मोजली, टन मोजले. मोजायचं ठरवलं की सगळं मोजता येतं. मग एका मजुराचे नव्वद दिवस मोजून हातात देता येत नाहीत, हे मला कुणी पटवून देऊ नये.

आपण कायद्याचे जाणकार असालच, तरी आठवण करून देते. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० साली झाला. कागदाऐवजी संगणकात नोंद ठेवली तरी चालेल, असं त्याचं सातवं कलम सांगतं, पण अट घालून: ती नोंद पुढे संदर्भासाठी वापरता येईल अशी उपलब्ध राहिली पाहिजे. साठवण्याची सवलत या अटीवर मिळाली आहे. ‘बॅकएंडला’ असलेली आणि कुणालाच न मिळणारी हजेरी मला तरी त्या अटीत बसताना दिसत नाही.

पुढचं आणखी कठीण. वाद कोर्टापर्यंत गेला, तर संगणकातल्या नोंदीच्या छापील प्रतीसोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं. पुराव्याच्या जुन्या कायद्यात ते ६५-ब कलमाखाली होतं, १ जुलै २०२४पासून भारतीय साक्ष अधिनियमाच्या ६३व्या कलमाखाली आहे. ज्या यंत्रात नोंद आहे त्याची व्यवस्था ज्याच्याकडे, त्याची सही त्यावर लागते. म्हणजे आमची बाजू मांडायला आम्ही सही मागायची ती आमच्याविरुद्ध उभ्या असलेल्या कंपनीकडेच. बडा ठेकेदार वकील लावून हे निभावून नेईल. नाल्या करणारा माणूस रोखलेली रक्कम सोडून देतो आणि पुढचं काम शोधतो. सोडून दिलेल्या त्या रकमा कुठल्याच रिपोर्टमध्ये दिसत नाहीत.

जुन्या सरकारी पद्धतीची मी भक्त नाही. फाइल टेबलावरून टेबलावर सरकायला काय काय लागतं, ते या धंद्यातल्या पोरालाही ठाऊक आहे. पण तिथे अर्ज दिला की दुसऱ्या प्रतीवर पोच मिळते: गोल शिक्का, आवक क्रमांक, तारीख. ती प्रत ठेकेदार ट्रंकेत जपून ठेवतो. मोजमाप पुस्तिकेची पानं क्रमांक घातलेली असतात, एक फाडलं तर कळतं. आपल्याकडे फाइल चढवली की हिरवी बरोबरची खूण येते आणि क्षणात विरते. त्या खुणेची पोच मी कुठल्या ट्रंकेत ठेवू?

राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणानं जून २०२०मध्ये आपला कारभार ‘डेटा लेक’ नावाच्या प्रणालीवर आणला, तो कामातले विलंब आणि लवादातले वाद कमी व्हावेत म्हणून. हेतू चांगला आहे. दोन्ही पक्षांना तीच तारीख, तेच पत्र दिसलं तर भांडायला जागा उरत नाही. पण त्यासाठी दोन्ही पक्षांना दिसावं लागतं, ही त्यातली सगळ्यात साधी आणि सगळ्यात महत्त्वाची बाब. मनरेगात तर हजेरीपटच संकेतस्थळावर उघडा ठेवला होता, कुणाच्या नावावर किती दिवस लागले हे गावातल्या कुणालाही बघता येई. त्यातही घोळ झाले, पण ते पकडता आले ते पट उघडे होते म्हणूनच. आणि २००५च्या माहिती अधिकार कायद्यानं नागरिकाला सरकारी कामावरच्या साहित्याचा प्रमाणित नमुना घेण्याचाही हक्क दिला आहे. रस्त्यावरची गिट्टी मागता येते, स्वतःची हजेरी मागता येत नाही, असा हा कारभार.

आपण वाईट मनाचे नाही, याची मला खात्री आहे. आपल्याला कुणी सांगितलंच नसेल. सॉफ्टवेअरचे पैसे कंपनी देते, म्हणून कंपनीला काय हवं ते आपण विचारलंत: कागद गोळा व्हावेत, लाल-हिरवे गोल दिसावेत, ऑडिटच्या दिवशी साहेबांना एका पडद्यावर सगळं हिरवं दाखवता यावं. ते आपण चोख केलंत. ज्याचे कागद आहेत त्याला विचारायला आपण आला नाहीत. आला असतात तर नागपूरहून दोन-अडीच तासांचा रस्ता आहे. तिवस्यात आला असतात, तर चहाही पाजला असता, आणि पुढे मोझरीला गुरुकुंजात राष्ट्रसंतांच्या समाधीचं दर्शनही झालं असतं.

तेव्हा हात जोडून विनंती. आम्ही चढवलेला कागद आमच्याच लॉगिनमधून, त्यावर कसलाही शिक्का न मारता, आम्हाला उतरवता यावा. चढवल्याची पोच मिळावी, तारीख आणि क्रमांकासह. नवी यादी आली तरी जुनी तशीच राहावी. दोषदायित्वाचा कालावधी संपून आमची रक्कम हाती पडेपर्यंत लॉगिन चालू ठेवावं, आमच्याकडून काही चढवून घ्यायचं नसेल तर नुसतं वाचण्यापुरतं. आणि गेटवर चेहरा दाखवणाऱ्या प्रत्येक मजुराला त्याचे दिवस त्याच्या मोबाइलवर, मराठीत, महिन्याच्या महिन्याला जावेत. चेहरा ओळखणारं यंत्र ज्यांनी बसवलं, त्यांना एक मेसेज पाठवणं जड जाऊ नये. यातलं एकही काम अवघड नाही, हे आपल्याला माझ्यापेक्षा चांगलं कळतं.

एवढ्यात ते जमणार नसेल, तर निदान एक काम करावं. त्या मजुराची दिवाळीपासून होळीपर्यंतची हजेरी, मोऱ्यांच्या कामावरच्या गेटची, बॅकएंडमधून काढून कंपनीच्या सही-शिक्क्यानिशी पाठवावी. गेट पासचा क्रमांक बंद केलेल्या तिकिटात दिलेला आहे. तो दर सोमवारी धारणीहून फोन करतो आणि मी त्याला पुढचा सोमवार सांगते.

कळावे, कृपा असावी ही विनंती.

आपली नम्र,
एका पेटी ठेकेदाराची कागदपत्रं सांभाळणारी,
तिवसा, जि. अमरावती